पुरवणी की पॅनेल

ते परिपत्रक मीच टाइप केलं होतं. स्टेन्सिल कापलं, सायक्लोस्टाइलवर प्रती काढल्या, शाईने काळी झालेली बोटं धुतली आणि पुन्हा जागेवर येऊन बसले. त्यात आमच्या घरासाठी काही आहे असं तेव्हा मनातही आलं नाही.

आम्ही सत्तरीच्या दशकात बहरीनला आलो. हे आधी आले, इलेक्ट्रिकल फोरमन म्हणून. दीड वर्षाने मी आले, कडेवर मुलगी घेऊन. मुलगी शाळेत जायला लागली तशी मीही ह्यांच्याच कंपनीत, पर्सोनेल खात्यात टायपिस्ट म्हणून लागले. झिंजमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट होता, खाली मलबारी माणसाचं दुकान. कामाला जायचं, शुक्रवारी मासे आणायचे, दर दोन वर्षांनी गावी जायचं. म्हातारपण हे गावी गेल्यावर येणार, असंच आम्ही दोघं धरून चाललो होतो.

ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव पडले आणि कंपनीची कामं आटली. ज्यांना पंचावन्न पुरी झाली त्यांना टप्प्याटप्प्याने निवृत्त करायचं असं ठरलं. दहा वर्षांपेक्षा जास्त नोकरी झालेल्यांना कंपनी एक सवलत देणार होती. निवृत्तीनंतर आयुष्यभर आजारपणाचा विमा, आणि त्याच्या हप्त्यातला मोठा वाटा कंपनीचा. मात्र दोन योजना होत्या आणि त्यांतली एकच निवडायची होती. एकदा सहीचा फॉर्म विमा कंपनीकडे गेला की बदल नाही.

पहिलीला ऑफिसात सगळे पुरवणी म्हणत. तिच्यात डॉक्टर कुठलाही चालत होता, गावही कुठलंही. खर्चाचा मूळ वाटा जिथून मिळायचा तिथून मिळाला की उरलेला वाटा ही योजना भरून देणार. तब्येतीची तपासणी नाही, प्रश्न नाहीत. दुसरी पॅनेलची. तिच्यात विमा कंपनीने ठरवून दिलेल्या यादीतलेच डॉक्टर आणि यादीतलीच इस्पितळं. तिथेही आधी परवानगीचं पत्र हवं. पण पत्र मिळालं की पहिल्या रुपयापासून सगळा खर्च योजनेचा. आमच्या मुलखापुरतं त्या यादीत एकच इस्पितळ होतं, मुंबईत.

पहिल्या टप्प्यात जे निघाले त्यांत आपली माणसं बरीच होती. ड्रायव्हर, फिटर, स्टोअरकीपर. इंग्रजी परिपत्रक हातात धरून ते माझ्या टेबलापाशी यायचे. संगमेश्वरकडचा एक ड्रायव्हर होता. त्याच्या बायकोला दम्याचा त्रास होता. तो म्हणाला, "वहिनी, माझ्या डोक्यात काय शिरत नाय. तुमी सांगाल त्यावर सही करतो."

मी सांगितलं, "दादा, गावात कुठलं आलंय मुंबईचं इस्पितळ? पुरवणी घ्या. कुठल्याही डॉक्टरकडे जाता येईल."

त्याने सही केली. मी ती पाहिली, शिक्का मारला, कागद ट्रेमध्ये ठेवला. असं मी आठ जणांना सांगितलं. सांगताना मला बरं वाटत असे. आपलं शिक्षण कुणाच्या तरी कामी येतंय असं वाटे.

त्याच सुमारास ह्यांचे पाय सुजायला लागले. आधी वाटलं दिवसभर उभं राहून होत असेल. मग सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसायला लागली. सरकारी इस्पितळात नेलं, रक्त तपासलं, लघवी तपासली. डॉक्टरने ह्यांना बाहेर बसायला सांगितलं नाही. दोघांसमोरच सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त निकामी झाली आहेत. "कदाचित एक वर्ष, कदाचित तीन," तो म्हणाला. "त्यानंतर मशीनवर रक्त शुद्ध करावं लागेल. आठवड्यातून दोनदा."

बाहेर आल्यावर गाडीत बसता बसता हे म्हणाले, "कामावर कुणाला कळता कामा नये."

महिनाभराने निवृत्तीची दुसरी यादी माझ्या टेबलावर टाइप करायला आली. नावं वर्णानुक्रमे होती. अर्ध्यावर आले आणि ह्यांचं नाव दिसलं. पंचावन्न पुरी व्हायला चार महिने होते. मी यादी पुरी टाइप केली. एकही चूक झाली नाही, हे आठवलं की मला अजून स्वतःचा राग येतो.

घरी सांगितलं तेव्हा ह्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "बरं झालं. गावी जाऊ. पुरवणी घेऊ, तू सगळ्यांना तीच सांगतेस ना? तपासणी नाही, कटकट नाही."

मलाही तेच बरोबर वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मी फॉर्म भरून बरोबर घेतला.

आमच्या खात्यात पासपोर्ट-व्हिसाची कामं बघणारा एक बहरीनी गृहस्थ होता. मुहर्रकचा, वयाने मोठा. सगळे त्याला हाजी म्हणत. त्याच्या वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, त्यामुळे हिंदी तो माझ्याइतकंच बोले. ह्यांचा व्हिसा रद्द करण्याचे कागद त्याच्याकडेच जाणार होते, म्हणून तो व्हिसाचे फॉर्म घेऊन माझ्यापाशी आला. पुरवणीचा कागद त्याने उचलला आणि शांतपणे शेवटपर्यंत वाचला. आमच्यापैकी कुणी तो तसा वाचला नव्हता.

"बहन," तो म्हणाला, "बाकी हिस्सा ये देंगे. लेकिन पहला हिस्सा कौन देगा?"

मी म्हटलं, "सरकारी इस्पितळ."

"यहाँ. वहाँ कौन?"

मी कागद ओढून घेतला. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं. मूळ विमा किंवा सरकारी सोय नसेल, तर ती आहे असं धरून, तिचा वाटा वजा करून, उरलेला वाटाच दिला जाईल. हे वाक्यही मीच टाइप केलं होतं. बहरीनमध्ये राहणाऱ्याला तो विमा सोन्यासारखा होता. व्हिसा रद्द करून परत पाठवलेल्या माणसाला त्याचा उपयोग जवळजवळ नव्हताच. पुरवणी, पण कशाला? खाली मूळ काही नव्हतंच.

ह्यांच्या आधी मला तो ड्रायव्हर आठवला.

"पहिल्या बॅचचे फॉर्म गेले?" मी विचारलं.

"बाकी के तीन गुरुवार की डाक की बॅग में जाएँगे."

त्या दिवशी बुधवार होता. आठांपैकी पाच माणसं तेव्हाच देशी पोचली होती. त्यांचे कागद आधीच्या आठवड्यात गेले होते, त्यांचं काही करता येण्यासारखं नव्हतं. तिघे अजून इथेच होते. साहेबांच्या खोलीत जाऊन मी सांगितलं की मी लोकांना चुकीचं समजावलंय, तीन फॉर्म मागे घ्यायचे आहेत. साहेब इंग्रज होते, वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला. "सल्ला द्यायला तुला कुणी सांगितलं होतं?" एवढंच म्हणाले. मी उभी राहिले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "बॅग उद्या बंद होते. त्याआधी जे आत असेल ते असेल."

हाजीने त्याच्या गाडीतून मला त्या तिघांच्या कॅम्पवर नेलं. मी पत्र्याच्या खोलीच्या दारात उभी राहून सांगितलं की मी चुकले होते. दोघांनी लगेच नव्या कागदावर सह्या केल्या. ड्रायव्हर बाजेवर बसून राहिला. म्हणाला, "वहिनी, तवा ह्येच बरोबर म्हनलात, आता त्ये बरोबर म्हनताव. परवा आनि काय म्हनाल?" त्याला विश्वास बसावा असं माझ्याकडे काही नव्हतं. हाजीने त्याला अर्धा तास हिंदीत समजावलं. शेवटी त्याने सही केली, ती हाजीकडे बघून. माझ्याकडे नाही.

बाकीच्या पाच जणांना मी पत्रं लिहिली. दोघांची उत्तरं आली. दोघांनीही सगळ्यांची खुशाली विचारली होती. विम्याबद्दल अक्षर नव्हतं.

आता आमचा प्रश्न उरला. पुरवणी बाद झाली म्हणजे पॅनेल. पण पॅनेलच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता. सध्या काही आजार आहे का? असल्यास त्या आजारासाठी निवृत्तीपासून पहिले बारा महिने योजना काही देणार नाही. माहिती खोटी निघाली तर योजना मुळापासून रद्द.

"'नाही' लिही," हे म्हणाले.

"अहो, इस्पितळात सगळे रिपोर्ट आहेत."

"ते इथल्या इस्पितळात. मुंबईत कोण बघायला येतंय?"

"तिथल्या डॉक्टरला बघूनच कळेल की हे सहा महिन्यांचं दुखणं नाही."

"मग बारा महिने काय करायचं? डॉक्टर म्हणाला एक वर्ष. बारा महिने म्हणजे किती ग?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "तू त्या ड्रायव्हरच्या वेळी धावलीस. आता माझ्या वेळी कायद्याने वागणार?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. मुलगी तिथे गृहपाठ घेऊन बसली होती, चौदा वर्षांची. तिने सगळं ऐकलं होतं. तिला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र इंग्रजीत देई. त्या दिवशी तिने वही मिटली. कणीक मळायला घेतली, जी तिने आधी कधी मळली नव्हती.

एक वाट अजून होती. माझी नोकरी चालू होती. माझ्या व्हिसावर हे बहरीनमध्येच राहू शकले, तर सरकारी इस्पितळ सुटणार नव्हतं, आणि मग पुरवणीसुद्धा चालली असती. पण नवऱ्याच्या व्हिसावर बायको राही. बायकोच्या व्हिसावर नवरा ठेवल्याचं मी तरी तेव्हा पाहिलं नव्हतं. हाजी म्हणाला, "अर्ज तो करेंगे." तो तीन आठवडे खेटे घालत राहिला. मी रोज सकाळी त्याच्या तोंडाकडे बघे आणि तो मान हलवून म्हणे, "इंशाल्ला." चौथ्या आठवड्यात तो आला आणि माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढून बसला. एरवी तो उभ्यानेच बोलत असे. मी विचारलंच नाही. तो म्हणाला, "खलास, बहन."

फॉर्म द्यायला चार दिवस उरले होते. ते चार दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. ऑफिसात इतरांच्या रजेचे अर्ज टाइप करत होते आणि डोक्यात एकच हिशेब चालू होता, एक वर्ष की तीन. एक असेल तर खोटं लिहिलेलं बरं. तीन असतील तर खरं. डॉक्टरकडे मी एकटी जाऊन आले, पदर पसरून विचारलं. तो तरुण होता. म्हणाला, "मला माहीत असतं तर मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

शेवटच्या दिवशी सकाळी ह्यांनी फॉर्मवर सही केली. तो रकाना कोरा ठेवला. "तुला वाटेल ते लिही," म्हणाले, "आणि मला सांगू नकोस."

मी ऑफिसात गेले, फॉर्म टाइपरायटरमध्ये घातला आणि लिहिलं. दोन्ही मूत्रपिंडांचा आजार, निदानाचा महिना, डॉक्टरचं मत, सगळं. खरेपणा म्हणून लिहिलं असं मी म्हणणार नाही. मला भीती वाटली. मशीनवर झोपलेल्या माणसाची योजना मधेच रद्द झाली असं पत्र आलं तर मी ते कुणाला वाचून दाखवू, ही भीती. संध्याकाळी त्यांनी सांगू नकोस म्हटलं असतानाही मी सांगितलं. मला ते एकटीला पेलवत नव्हतं.

ते जेवायला बसले होते. घास तसाच ठेवून उठले.

निघेपर्यंत आमचं बोलणं सामानापुरतंच झालं. हे आणि मुलगी मुंबईला ह्यांच्या बहिणीकडे जाणार, मी मागे राहून नोकरी करणार असं ठरलं, कारण त्या बारा महिन्यांत काही झालंच तर तो खर्च माझ्या पगारातूनच निघणार होता. विमानतळावर मुलीने मला मिठी मारली. हे म्हणाले, "गॅसची टाकी संपत आलीय," आणि आत गेले.

फ्लॅट सोडून मी दोन नर्सबाईंबरोबर एका खोलीत राहिले. पंधरा दिवसांतून एकदा टेलिफोन ऑफिसात जाऊन नंबर लावायचा. हे दर वेळी म्हणत, "मी ठीक आहे, तू जेवतेस ना?" आठव्या महिन्यात वन्संचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं, दादाने तुला सांगू नको म्हटलंय, पण आठवड्यापूर्वी त्याला मशीनवर घेतलं.

तीन वर्षं नाहीतच, योजनेचे बारा महिनेही नाहीत. आठ महिने.

रजा घेऊन मी मुंबईला गेले. पॅनेलच्याच इस्पितळात होते ते, पण योजनेबाहेरचे, पूर्ण खर्चाचे पेशंट म्हणून. लांबट खोलीत चार मशीनं, चार माणसं. मी ओळखलं नाही आधी. तोंड काळवंडलेलं, दंड बारीक. हातातून रक्ताच्या नळ्या निघालेल्या. मी स्टुलावर बसले.

"अजून चार महिने आहेत," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"तुम्ही म्हणत होतात तसं लिहिलं असतं तर..."

"तर आज फुकट झोपलो असतो इथे," हे म्हणाले. मग म्हणाले, "किंवा पकडलो गेलो असतो. मला अजून वाटतं 'नाही' लिहायला हवं होतं. खोटं कशाला बोलू?"

"असेल," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं. 'खोटं कशाला बोलू' हे आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. कित्येक महिन्यांनी मी ते हसू पाहिलं. मला रडू कोसळलं आणि नर्सने मला बाहेर बसवलं.

ते चार महिने कसे गेले ते थोडक्यात सांगते. माझे दागिने गेले. ह्यांच्या वाट्याची कलमांची बाग त्यांनी भावाला विकली. आठवड्याला दोनदा लागायचं तिथे दोन आठवडे एकदाच केलं, आणि त्या दोन आठवड्यांत त्यांना श्वास लागून पहाटे टॅक्सीत घालावं लागलं. ते मी पाहिलं नाही, मी बहरीनला परतले होते. मुलीने एकटीने आत्याबरोबर नेलं. टेलिफोनवर ती मला मराठीत म्हणाली, "आई, तू येऊ नकोस, पैसे पाठव." तिचं मराठी तोपर्यंत चांगलं झालं होतं.

बारा महिने पुरे झाले त्या आठवड्यात परवानगीचं पहिलं पत्र निघालं. ते मिळवायलाही तीन खेपा झाल्या; एकदा सही चुकीच्या जागी होती. पण मिळालं. त्यानंतर एकाही वेळेचे पैसे आम्हाला भरावे लागले नाहीत. पुढल्या वर्षी मी राजीनामा दिला आणि इस्पितळापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक खोली भाड्याने घेतली. गावी राहायला जाणं झालं नाही. यादीत गाव नव्हतं.

हे साडेतीन वर्षं जगले. मंगळवार आणि शुक्रवार मशीनचे. दर महिन्याला मी पत्रासाठी विमा कंपनीच्या मुंबईतल्या कचेरीत जाई आणि खिडकीपाशी रांगेत उभी राही. रांगेत नव्याने निवृत्त झालेले लोक भेटत. फॉर्म हातात घेऊन विचारत, "बाई, तुम्ही कुठली योजना घेतलीत? बरी आहे का?"

मी त्यांना तिसरं पान उघडून द्यायची आणि म्हणायची, "हे तुम्ही स्वतः वाचा. मी थांबते." चष्मा नसेल तर वाचून दाखवी, शब्दाला शब्द. काय घ्या, ते मात्र कधी सांगितलं नाही. एकदा एक म्हातारे गृहस्थ चिडले. म्हणाले, "इतकं माहीत आहे तर सांगायला काय जातं तुमचं?" माझा नंबर आला होता. मी पत्र घेतलं, सही योग्य जागी आहे ना ते पाहिलं, आणि शुक्रवार असल्यामुळे लगबगीने इस्पितळाकडे निघाले.